टोर्नच्या स्टुडिओतला प्रशियन सैनिक: गणवेशावरून रेजिमेंट कशी ओळखायची?

केतकी_ड्रेस्डेन

नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या घरच्या अल्बममध्ये एका सैनिकाचा फोटो आहे. घरात सगळे तो "१८७० च्या फ्रान्सच्या लढाईतला" असं सांगतात, पण कोणाचा हे नक्की कोणालाच माहीत नाही. दोन शक्यता आहेत: खापरपणजोबा (जन्म १८४७) किंवा त्यांचा मुलगा, म्हणजे पणजोबा (जन्म जानेवारी १८७७). चेहरा विशी-बाविशीचा वाटतो. फोटो टाकायला घरच्यांची परवानगी नाही, म्हणून दिसतं ते सगळं लिहिते.

जाड पुठ्ठा, साधारण ११ × १६.५ सेंमी, कडेला सोनेरी रेघ. खाली स्टुडिओचं नाव आणि "टोर्न" हे गाव छापलंय. मागची बाजू कोरी. गुडघ्यापर्यंतचा उभा फोटो, डोकं उघडं. बाजूच्या टेबलावर पुढची झडप नसलेली गोल टोपी आहे, तिच्यावर समोर एकाखाली एक अशा दोन चकत्या. गडद कोट, बटणांची एकच रांग, मोजली तर आठ बटणं. मनगटाशी उभा आयताकृती तुकडा शिवलेला, त्यावर तीन बटणं एकाखाली एक. कॉलरच्या दोन्ही बाजूंना मागच्या अंगाला एकेक मोठं बटण. उजव्या खांद्यावरून छातीपर्यंत जाड वेणीसारखी दोरी. पदक एकही नाही. खांद्यावरची पट्टी गडदच दिसते, तिच्यावर दोन आकडे आहेत. दुसरा १ आहे, पहिला अजिबात लागत नाही.

एका रंग भरणाऱ्या ॲपमध्ये टाकून पाहिला तर कॉलर हिरवी आली. मग हा येगर, म्हणजे हिरव्या कोटवाला नेमबाज पायदळातला असेल का?

---

पलटण_आणि_पट्टी

केतकीताई, वर्णन इतकं नीट दिलंय की फोटो न बघताही बरंच सांगता येईल. पहिलं काम, ते रंगीत चित्र बाजूला ठेवा. ॲपला प्रशियाचा गणवेश माहीत नसतो, ते करड्या छटेवरून अंदाजाने रंग फासतं. येगर असता तर कोट गडद हिरवा आणि कॉलर लाल असती. हिरवी कॉलर तिथेही जुळत नाही.

आता क्रमाने. जुन्या फोटोत रंग फसवतात, शिवण फसवत नाही. म्हणून सुरुवात नेहमी कापडाच्या कापापासून करायची, आणि त्यातही मनगटापासून.

तुम्ही सांगितलेला उभा तुकडा आणि तीन बटणं म्हणजे ब्रांडेनबुर्ग पद्धतीचं मनगट. प्रशियाच्या बहुतेक लाइन (म्हणजे गार्ड सोडून साध्या) पायदळाचं हेच. तुकडा नसता आणि मनगटपट्टीच्या वरच्या कडेला दोन बटणं शेजारी-शेजारी असती तर ती स्वीडिश पद्धत: मैदानी तोफखाना, पायोनियर (बांधकाम-सुरुंगवाले), पहिली गार्ड (राजाच्या खास दलातली) पायदळ रेजिमेंट वगैरे. वर टोक काढलेलं मनगट पोलिश, ते मुख्यतः उलान भालाईतांचं. हुसार तर छातीवरच्या आडव्या दोऱ्यांच्या पाच ओळींवरून लांबूनच कळतात. कॉलरवर आणि मनगटावर पांढऱ्या-पिवळ्या फितीच्या आडव्या पट्ट्या दिसल्या असत्या तर गार्ड रेजिमेंटांकडे वळावं लागलं असतं. तुमच्या वर्णनात त्या नाहीत.

एकच रांग, आठ बटणं आणि ब्रांडेनबुर्ग मनगट यावरून दोन शक्यता राहतात: लाइन पायदळ किंवा पायी तोफखाना, म्हणजे किल्ल्यांच्या जड तोफांवरचे लोक. दोघांचा कोट गडद निळा, काप तोच. फरक कॉलरमध्ये, पायदळाची लाल आणि तोफखान्याची काळी. पण ह्या काळच्या फोटोत लाल आणि काळं दोन्ही काळंच येतं! त्यामुळे इथे कॉलर बघून निवाडा होत नाही, तो खांदपट्टीवर होतो.

कॉलरवरचं मोठं बटण ही गेफ्रायटर हुद्द्याची खूण, साध्या शिपायाच्या वरची पायरी. उंटरऑफिसियर, म्हणजे खरा कनिष्ठ अधिकारी असता तर कॉलरला आणि मनगटाला सोनेरी किंवा रुपेरी फीत लागली असती, आणि ती फोटोत ठळक उठते.

उजव्या खांद्यावरची दोरी ही नेमबाजीची. ती १८९४ मध्ये आली. त्याआधी चांगल्या नेमबाजाला बाहीवर फितीच्या खुणा मिळत. दोरी खांद्यावरून कोटाच्या दुसऱ्या बटणाशी येते, वरच्या दर्जांत खांद्याजवळ धातूचा बिल्लाही असतो. तो आहे का पाहा.

आणि आता सगळ्यात मोलाची गोष्ट: टोपीवरच्या दोन चकत्या. त्या कोकार्ड. मार्च १८९७ पर्यंत प्रशियन शिपायाच्या टोपीवर एकच कोकार्ड असे, काळं-पांढरं-काळं. सम्राट पहिल्या विल्हेल्मच्या जन्मशताब्दीला, २२ मार्च १८९७ ला, साऱ्या जर्मन साम्राज्याचं काळं-पांढरं-लाल कोकार्ड वाढवलं गेलं. टोपीवर साम्राज्याचं वर, राज्याचं खाली पट्ट्यावर. म्हणजे दोन चकत्या दिसल्या की फोटो मार्च १८९७ नंतरचा. ह्यात वाद नाही.

१८४७ चे खापरपणजोबा तेव्हा पन्नाशीत होते. फोटो त्यांचा नाही, आणि १८७० च्या लढाईचाही नाही. पणजोबा १८७७ चे, विसावं वर्ष १८९७ मध्ये. पायदळाची सक्तीची सेवा १८९३ पासून तीन वर्षांची दोन वर्षांवर आली होती, भरती शरद ऋतूत व्हायची. म्हणजे साधारण १८९७ ते १८९९. गेफ्रायटरचं बटण आणि नेमबाजीची दोरी दोन्ही मिळालेली, तर सेवेचा पहिला हिवाळा तरी उलटलेला असणार.

---

फोटोप्लेट

खांदपट्टीबद्दल माझ्याकडून, कारण इथे बहुतेक लोक चुकतात.

त्या काळच्या काचेच्या प्लेटला निळा प्रकाश खूप "दिसायचा", लाल जवळजवळ नाहीच. परिणाम असा: फिकट निळं कापड पांढरट येतं, गडद निळा कोट डोळ्याला वाटतो त्यापेक्षा उजळ येतो, लाल कापड काळं पडतं. पिवळंही साध्या प्लेटवर गडद येतं. ऑर्थोक्रोमॅटिक (हिरवा-पिवळाही थोडा टिपणारी) प्लेट असेल तर पिवळं थोडं उजळतं, लाल तरीही काळंच. म्हणून "पट्टी गडद आहे, म्हणजे लाल असणार" असं म्हणता येत नाही, ती पिवळीही असू शकते. उलट पांढरी पट्टी कुठल्याच प्लेटवर गडद येत नाही. फोटोतलं पांढरं काय ते ठरवायला गळपट्टीची कॉलरवर डोकावणारी पांढरी कड किंवा मागचा पडदा घ्या आणि त्याच्याशी ताडून बघा.

प्रशियन लाइन पायदळाच्या खांदपट्टीचा रंग आर्मी कोअरवर, म्हणजे अनेक रेजिमेंटांच्या मोठ्या सैन्यगटावर ठरायचा. पहिली, दुसरी, नववी आणि दहावी कोअर पांढरी. तिसरी, चौथी आणि अकरावी लाल. पाचवी आणि सहावी पिवळी. सातवी आणि आठवी फिकट निळी. नंतर आलेल्या सोळाव्या आणि सतराव्या पुन्हा पिवळ्या. लाल पट्टीवर आकडे पिवळे, पांढऱ्या आणि पिवळ्या पट्टीवर लाल.

टोर्न १८९० पासून सतराव्या कोअरमध्ये. म्हणजे पिवळी पट्टी, लाल आकडा. पिवळ्यावर लाल, आणि प्लेटला दोन्ही गडद! तुम्हाला पहिला आकडा लागत नाही त्याचं कारण हेच. फोटो खराब झालेला नाही.

पायी तोफखान्याची पट्टी पांढरी, तिच्यावर पेटता बाँब आणि खाली आकडा. टोर्नला ११ नंबरची पायी तोफखाना रेजिमेंट होती, आणि ११ च्या शेवटीही १ आहे, म्हणून हे तपासणं आवश्यक होतं. तुमची पट्टी गडद, बाँब नाही. तोफखाना बाद.

आकडा काढायची पद्धत:

स्कॅन १२०० डीपीआयवर, रंगीत, १६ बिट, टिफमध्ये. फोटो कृष्णधवल असला तरी ग्रेस्केल घेऊ नका. स्कॅनरची धूळ काढणारी, धार वाढवणारी, आपोआप उजळणारी सगळी बटणं बंद. धूळ काढणारं सॉफ्टवेअर बारीक आकड्यालाच धूळ समजून पुसतं.

मग लाल, हिरवा, निळा असे तिन्ही चॅनेल वेगळे उघडून बघा. जुना प्रिंट पिवळा पडलेला असतो आणि पिवळटपणा निळ्या चॅनेलमध्ये गडद दिसतो, त्यामुळे उडालेले तपशील बहुधा तिथेच सापडतात. कागदावरचे डाग आणि बुरशीही तिथेच जास्त दिसतात, तेवढं लक्षात ठेवा. फक्त खांदपट्टीचा भाग कापून घ्या आणि फोटो-सॉफ्टवेअरच्या कर्व्हजमध्ये (उजेड-अंधार बदलायची सोय) काळ्याकडचा भाग ताणा. पूर्ण फोटोवर ताणलंत तर पडदा आणि चेहरा मध्ये येतात आणि पट्टीला काही मिळत नाही.

दोन्ही खांदे बघा. ज्या बाजूला शरीर वळलेलं असतं त्या बाजूची पट्टी तिरपी होऊन आकडे आक्रसतात, दुसरी जास्त उघडी असते.

एआयने फोटो मोठा करणारी सेवा ह्या कामाला अजिबात वापरू नका. तिथे आकडा "दिसायला" लागतो, पण तो यंत्राने रंगवलेला असतो. ६ चा ८ होतो आणि पुढची सहा महिन्यांची शोधाशोध चुकीच्या रेजिमेंटमागे जाते.

आणि फोटो पुठ्ठ्यावरून सोडवायचा प्रयत्न करू नका. मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलने, पेनाने नाही.

---

जुने_कागद

टोर्नबद्दल थोडं. हे आजचं पोलंडमधलं तोरुन, कोपर्निकसचं जन्मगाव. विस्तुला नदीकाठचा हा रशियाच्या सीमेजवळचा मोठा किल्ला होता, त्यामुळे छावणी दांडगी आणि स्टुडिओंना गिऱ्हाईक बारमाही. पायदळाच्या २१ आणि ६१ नंबरच्या रेजिमेंट इथे. दोन्ही मूळच्या पोमेरानियाच्या, दोन्ही एकाच कोअरच्या, पट्टी सारखीच. म्हणजे तुमचा प्रश्न आता एवढाच उरला: पहिला आकडा २ की ६?

२ च्या तळाला सपाट रेघ असते, ६ च्या खालच्या अर्ध्यात बंद गोल. पूर्ण आकडा दिसला नाही तरी चालेल. तळ सपाट आहे की गोल, एवढं कळलं तरी पुरे. मात्र शेजारी ग्राउडेन्झला १४१ नंबरची रेजिमेंट होती. आकडे खरंच दोनच आहेत, की पट्टीच्या वळणात तिसरा लपलाय, हेही बघून घ्या. दोन आकडी नंबर पट्टीच्या मध्यावर बसतो. १ मध्यापासून फार दूर गेलेला दिसला तर तीन आकडे धरा.

अजून एक, हे पुष्कळांच्या कामाला येईल. छावणीचं गाव म्हणजे सैनिकाचं गाव असं समजू नका. प्रशियात सीमेवरच्या रेजिमेंटांत दुसऱ्या प्रांतातले तरुण पाठवले जात. मेट्झ किंवा स्ट्रासबुर्गच्या स्टुडिओचा फोटो मिळाला म्हणून लोक अल्सासमध्ये पूर्वज शोधत बसतात, आणि माणूस असतो ब्रांडेनबुर्गचा.

---

विस्तुला_काठ

वरच्यात भर. सगळ्या जर्मन फोटोंना "प्रशियन" म्हणायची सवय आहे, पण जर्मन साम्राज्यात वेगवेगळ्या राज्यांची वेगवेगळी सैन्यं होती आणि नंबरवरूनच राज्य कळतं. पायदळाचे १०० ते १०८ सॅक्सनीचे, १०९ ते ११४ बाडेनचे, ११५ ते ११८ हेसेनचे, ११९ ते १२७ व्युर्टेम्बर्गचे. बव्हेरियाची मोजणी पूर्ण वेगळी आणि कोट फिकट निळा, म्हणजे फोटोत चक्क उजळ. सॅक्सनीच्या कोटाला खालच्या घेरालाही रंगीत कड असते आणि खांदपट्टीचं आतलं टोक चौकोनी असतं. केतकीताई ड्रेस्डेनला आहेत म्हणून मुद्दाम लिहिलं, तिथल्या बाजारात सॅक्सन फोटोच जास्त दिसतील.

खांदपट्टीच्या कडेने काळी-पांढरी पिळाची दोरी दिसली तर तो एकवर्षीय स्वयंसेवक. म्हणजे माध्यमिक शाळेचं प्रमाणपत्र असलेला आणि स्वतःच्या खर्चाने राहणारा. घराण्याच्या परिस्थितीबद्दल ती दोरी बरंच सांगते.

---

केतकी_ड्रेस्डेन

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितलं तसं स्कॅन केलं, १२००, रंगीत, बाकी सगळं बंद. निळ्या चॅनेलमध्ये डाव्या खांद्यावर पहिल्या आकड्याच्या खाली बंद गोल स्पष्ट दिसतोय, वरचं टोक उजवीकडे वळलेलं. आकडे दोनच, पट्टीच्या मध्यावर. दोरीच्या वर धातूचा बिल्ला नाही. पट्टीच्या कडेला पीळही नाही.

म्हणजे ६१. आता पुढे कागदपत्रं कुठे शोधायची? आणि १८७० च्या लढाईचं घरातलं बोलणं मग कुठून आलं असेल?

---

पलटण_आणि_पट्टी

मग हे पोमेरानियाचं आठवं पायदळ, "फोन डेर मार्विट्झ" रेजिमेंट नंबर ६१. तुमच्या पणजोबांचं वय, दोन कोकार्ड, दोरी, टोर्न, सगळं एकमेकांशी बसतं.

१८७० बद्दल: ही रेजिमेंट त्या युद्धात होती. २३ जानेवारी १८७१ ला दिजाँजवळच्या लढाईत तिच्या दुसऱ्या बटालियनचा ध्वज रिचोत्ती गारिबाल्दीच्या ब्रिगेडच्या हाती पडला. ध्वज गमावणं ही जर्मन बाजूला त्या युद्धात अगदी विरळ घटना होती, म्हणून ती रेजिमेंटमध्ये पुढच्या पिढ्यांनाही सांगितली जाई. पणजोबांनी बराकीत ऐकलेलं घरी सांगितलं असेल. खापरपणजोबा स्वतः लढले असण्याचीही पूर्ण शक्यता आहे, १८४७ चा जन्म म्हणजे वय अगदी तेच. त्यासाठी हा फोटो पुरावा ठरत नाही. घरात १८७०-७१ चं युद्धपदक आहे का शोधा. लढणाऱ्यांचं पदक जिंकलेल्या फ्रेंच तोफांच्या काशाचं, न लढणाऱ्यांचं पोलादाचं. चुंबक लावला की लगेच कळेल.

---

जुने_कागद

कागदांची वाईट बातमी आधी. प्रशियन सैन्याचं मुख्य दप्तर पॉट्सडामच्या सैनिकी अभिलेखागारात होतं आणि ते १४ एप्रिल १९४५ च्या हवाई हल्ल्यात जळालं. म्हणून साध्या प्रशियन शिपायाची सेवापुस्तिका सरकारी दप्तरात जवळजवळ मिळत नाही. बव्हेरिया, सॅक्सनी, व्युर्टेम्बर्ग आणि बाडेन यांची दप्तरं आपापल्या राज्यात होती आणि बरीच वाचली. म्हणूनच राज्य ओळखणं इतकं महत्त्वाचं.

प्रशियासाठी घरातलाच कागद उपयोगी पडतो: मिलिटेअरपास. लहान आकाराची पुस्तिका, सक्तीची सेवा संपून राखीव दलात जाताना प्रत्येकाला मिळायची. तिच्यात रेजिमेंट, कंपनी, दाखल व्हायची आणि सुटायची तारीख, नेमबाजीचा दर्जा, सगळं असतं. लोक ती बायबलमध्ये, विम्याच्या कागदांत, शिवणाच्या डब्यात ठेवत. सासूबाईंकडे "सैन्याचे कागद आहेत का" असं न विचारता "लहान जुनी पुस्तिका आहे का" असं विचारा.

जन्म-लग्नाच्या नोंदी: प्रशियात नागरी नोंदणी कार्यालयं १ ऑक्टोबर १८७४ पासून. पणजोबांचा जन्म तिथे मिळेल, खापरपणजोबांचा चर्चच्या वहीत शोधावा लागेल. गाव आजच्या पोलंडमध्ये असेल तर पोलिश सरकारी अभिलेखागारांच्या "शुकाय व आर्खिवाख" पोर्टलवर आधी बघा, बऱ्याच वह्यांची पानं तिथे फुकट उघडतात. गावाचं जर्मन आणि पोलिश दोन्ही नाव शोधा.

पहिल्या महायुद्धात पणजोबा ३७ वर्षांचे, म्हणजे लांडवेअरच्या (जुन्या सैनिकांच्या राखीव दलाच्या) वयाचे. जखमी, बेपत्ता, मृत, कैदी झाले असतील तर छापील हानियाद्यांत नाव असणार. जर्मन संगणक-वंशावळ संघटनेने त्या शोधता येतील अशा केल्या आहेत. फक्त तिथे ६१ नंबर शोधत बसू नका. १९१४ मध्ये बोलावणं राहत्या जिल्ह्यावरून व्हायचं, जुनी रेजिमेंट मिळेलच असं नाही. आडनावाची स्पेलिंगं तीन-चार प्रकारे टाका, याद्या घाईत लावलेल्या आहेत.

---

केतकी_ड्रेस्डेन

शेवटचं एक. त्याच अल्बममध्ये पोस्टकार्डावर छापलेला दुसरा फोटो आहे, तोच चेहरा, वय जास्त. कोट फिकट, पुढे बटणंच दिसत नाहीत. हा कधीचा?

---

फोटोप्लेट

बटणं झाकलेला पुढचा भाग म्हणजे सप्टेंबर १९१५ मध्ये आलेला फेल्डग्राउ (करड्या रंगाचा युद्धगणवेश) ब्लूझ, म्हणजे सैल कोट. त्याआधीच्या १९१० च्या फेल्डग्राउ कोटाला पुढे बटणं उघडी दिसतात. म्हणजे फोटो १९१५ च्या शेवटी किंवा त्यानंतरचा.

इथे गणवेशापेक्षा पोस्टकार्डाची मागची बाजू बघा. फेल्डपोस्टने, म्हणजे सैन्याच्या टपालाने पाठवलेलं असेल तर तारखेच्या गोल शिक्क्याशिवाय बहुधा एक दुसरा शिक्का असतो, युनिटचा, आणि त्यात कंपनी आणि रेजिमेंट लिहिलेली असते. शिक्का फिका असेल तर तोही रंगीत स्कॅन करा. शाई निळी असेल तर लाल चॅनेलमध्ये ती गडद उठेल, जांभळी असेल तर हिरव्यात, लाल शाई असेल तर हिरव्या किंवा निळ्यात. मजकुराच्या वर डाव्या कोपऱ्यात पाठवणाऱ्याचा पत्ताही असतो, कुर्रेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीत. त्याचा स्वच्छ स्कॅन इथे टाका, चेहऱ्याची बाजू नको. वाचून देऊ.